कामगार-महासंघांचे इतिहासग्रंथ व त्यांतील पाठभेद

या त्रैमासिकाचे वाचक बखरी, महजर, कैफियती व करीने यांची चिकित्सा करण्यांत मुरलेले आहेत. एकाच प्रसंगाच्या दोन बखरी हातीं आल्या म्हणजे लिहिणारा कोणाचा आश्रित होता, प्रसंगानंतर किती वर्षांनीं त्यानें लेखणी उचलली, त्याच्यापुढें मूळ कागद होता कीं केवळ ऐकीव हकीकत होती, हे प्रश्न ते सवयीनेंच विचारतात. ही सवय अठराव्या शतकाशीं येऊन थबकते, एवढीच आमची तक्रार आहे. विसाव्या शतकाविषयींचें छापील पुस्तक समोर आलें कीं, त्याच्या पाठीमागील सूची व तळटीपा पाहून आपण निःशंक होतों. हिंदुस्थानांतील कामगार-महासंघ व राजकीय पक्ष यांच्या परस्परसंबंधाचे जे इतिहास आज प्रमाण म्हणून वाचले जातात, ते या निःशंकतेस पात्र नाहींत. त्यांतील बरेचसे खऱ्या अर्थानें बखरीच होत. म्हणजे एका घराण्याचा वृत्तांत त्या घराण्याच्याच माणसानें लिहिलेला.

उदाहरणादाखल दोन ग्रंथ घेऊं. व. भ. कर्णिक यांचा ‘इंडियन ट्रेड युनियन्स : ए सर्व्हे’ हा १९६० सालीं निघाला, व सुकोमल सेन यांचा ‘वर्किंग क्लास ऑफ इंडिया’ हा १९७७ सालीं. कर्णिक हे मानवेंद्रनाथ रॉय यांचे अनुयायी व रॉयपक्षानें १९४१ सालीं काढलेल्या ‘इंडियन फेडरेशन ऑफ लेबर’चे चिटणीस. सेन हे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे व ‘सिटू’चे पुढारी. दोघेही परिश्रमी, दोघांच्याही ग्रंथांत माहितीचा सांठा मोठा आणि दोघांवांचून कोणाही अभ्यासकाचें चालत नाहीं. परंतु हे ग्रंथ त्रयस्थ इतिहासकाराचे निर्णय म्हणून न वाचतां, एका हरवलेल्या मूळ संहितेच्या दोन शाखा म्हणून वाचावे, अशी आमची सूचना आहे. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठीं जो दंडक घालून दिला तो येथें तंतोतंत लागू पडतो : परस्परांपासून स्वतंत्र अशा शाखांत जो पाठ जुळतो तो आधीं ग्राह्य धरावा. त्यास पूरक असा दुसरा नियम ग्रंथसंपादनाच्या शास्त्रांत आहे, तोही विसरूं नये : जेथें सर्व शाखांत एकच लोप वा एकच अपपाठ आढळतो, तेथें त्या सर्वांच्या पाठीमागें एकच सदोष प्रत असली पाहिजे.

आमचें मत प्रथमच सांगून टाकतों. पक्षांनीं महासंघ जन्मास घातले, ही समजूत या सर्व वाङ्मयांत कोठें दूषण म्हणून तर कोठें भूषण म्हणून वावरते. कागद पाहतां क्रम बहुतेक वेळीं उलटा दिसतो. कामगारांच्या वतीनें बोलण्याचा अधिकार कोणास, हा प्रश्न सरकारनें वा कायद्यानें उपस्थित केला. महासंघ हें त्या प्रश्नाचें उत्तर म्हणून उभे राहिले. आणि त्या एका आसनासाठीं पक्ष त्यांच्या दारांत आले.

१९२० ची हकीकत पाहा. व्हर्सायच्या तहाच्या ३८९ व्या कलमानें असें ठरविलें होतें कीं, आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेस पाठवावयाचे कामगार-प्रतिनिधि त्या त्या देशांतील सर्वांत प्रातिनिधिक संघटनांच्या संमतीनें निवडावे. १९१९ सालीं वॉशिंग्टन येथें पहिली परिषद भरली, तेव्हां हिंदुस्थानांत अशी मध्यवर्ती संघटनाच नव्हती. सबब भारत सेवक समाजाचे नारायण मल्हार जोशी यांस सरकारनें आपणच नेमून पाठविलें. पुढील वर्षीं, ३१ ऑक्टोबर १९२० रोजीं, मुंबईस एंपायर नाट्यगृहांत ट्रेड युनियन काँग्रेसचें पहिलें अधिवेशन भरलें, त्याचें एक प्रत्यक्ष निमित्त हेंच होतें. अध्यक्ष लाला लजपतराय हे त्याच वर्षीं सप्टेंबरांत कलकत्त्यास राष्ट्रीय सभेच्या विशेष अधिवेशनाचेही अध्यक्ष होते. जोसेफ बॅप्टिस्टा हे टिळकांचे निकटचे सहकारी. चिटणीस दिवाण चमनलाल. या नांवांवरून ही संस्था राष्ट्रीय सभेचीच उपशाखा होती असें अनुमान करणारा लेखक नामसादृश्यानें फसतो. राष्ट्रीय सभेनें १९२२ च्या गया येथील अधिवेशनांत या संस्थेची दखल घेऊन तिला साहाय्य करण्यासाठीं एक समिति नेमली. अपत्याच्या बारशास बाप दोन वर्षांनीं येतो असें कोणी म्हणणार नाहीं. शिवाय गांधीजींच्या मार्गदर्शनानें चालणारें अहमदाबादचें मजूर महाजन, म्हणजे राष्ट्रीय सभेच्या नेत्यांस सर्वांत जवळची कामगार-संस्था, ही ट्रेड युनियन काँग्रेसपासून अलिप्तच राहिली.

यानंतरचा महत्त्वाचा दस्तऐवज म्हणजे १९२६ चा ट्रेड युनियन कायदा. या विषयावर लिहिणाऱ्यांनीं त्याचा नामोल्लेख सर्वत्र केला आहे, पण कलमें वाचलेलीं दिसत नाहींत. मद्रासच्या बकिंगहॅम व कर्नाटक गिरण्यांच्या तंट्यांत बी. पी. वाडिया यांच्यावर हायकोर्टाचा मनाईहुकूम निघाला, कामगार-संघ चालविणें हाच गुन्हा ठरतो कीं काय अशी भीति उत्पन्न झाली, आणि जोशी यांनीं १९२१ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत संरक्षणाचा ठराव मांडला. त्याचें फळ हा कायदा. त्याच्या १६ व्या कलमानें राजकीय कार्यासाठीं निराळा निधि ठेवण्याची मोकळीक संघांस दिली, मात्र त्या निधीस वर्गणी देण्याची सक्ति कोणाही सभासदावर करतां येत नव्हती. २२ व्या कलमानें पदाधिकाऱ्यांपैकीं निदान निम्मे त्या त्या धंद्यांत प्रत्यक्ष काम करणारे असावे असें ठरविलें. म्हणजे उरलेले निम्मे बाहेरचे असूं शकत. आतां हीं दोन कलमें शेजारीं ठेवून पाहावीं. इंग्लंडांत मजूर पक्ष कामगार-संघांच्या वर्गणीवर उभा राहिला. तेथें पैसा संघांकडून पक्षाकडे गेला व म्हणून पक्षावर संघांचा हक्क चालला. आपल्याकडे राजकीय निधीचें कलम बहुतेक निजूनच राहिलें आणि बाहेरच्या पदाधिकाऱ्यांचें कलम जागें झालें. पैशाऐवजीं माणसें आलीं, तींही पक्षाकडून संघाकडे. वकील, संपादक, प्राध्यापक, समाजसेवक. त्या माणसांचा त्याग थोडा नव्हता, हें निराळें सांगावयास नको. पण ज्याच्या वर्गणीवर पक्ष चालत नाहीं त्याचा शब्द पक्षांत चालत नाहीं, हा हिशेब शाळेंतल्या मुलासही समजेल.

आतां मुख्य पाठभेदाच्या स्थळाकडे वळूं. १९२९ च्या अखेरीस नागपूरास ट्रेड युनियन काँग्रेसचें अधिवेशन जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें व तेथें संस्था प्रथमच दुभंगली. जोशी, व्ही. व्ही. गिरी, शिवराव प्रभृति मंडळी बाहेर पडलीं आणि त्यांनीं ‘इंडियन ट्रेड्स युनियन फेडरेशन’ ही वेगळी संस्था काढली. येथपर्यंत दोन्ही शाखांचा पाठ एक आहे. पुढें एक शाखा सांगते कीं, साम्यवादी पक्षानें मुंबईच्या गिरणी कामगार युनियनच्या फुगवलेल्या सभासदसंख्येच्या जोरावर संस्था बळकाविली. या युनियनचे १९२८ च्या अखेरीस सुमारे ५४,००० सभासद असल्याचा आकडा प्रसिद्ध आहे. १९२९ चा संप फसल्यावर तो कायम राहिला नव्हता, हेंही तितकेंच प्रसिद्ध आहे. दुसरी शाखा सांगते कीं, सरकारच्या मेहेरबानीस लालचावलेल्या सुधारणावाद्यांनीं लढ्यास पाठ दाखविली. या ‘सुधारणावादी’ शब्दापाशीं थोडें थांबणें भाग आहे. ज्या भाषेंत आगरकरांनीं १८८८ सालीं आपल्या पत्रास ‘सुधारक’ हें नांव अभिमानानें दिलें, त्याच भाषेंत पन्नास वर्षांच्या आंत तो धातु शिवी म्हणून रूढ झाला. शब्दार्थाच्या अशा पालटावरून लेखकाची शाखा ओळखतां येते. पोथीच्या अक्षरवळणावरून प्रांत ओळखतां येतो तसेंच हें.

दोन्ही पाठ बाजूस ठेवून ठराव काय होते तें पाहिलें म्हणजे वेगळेंच दिसतें. सरकारनें त्याच वर्षीं व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालीं कामगारविषयक शाही कमिशन नेमलें होतें. जोशी व चमनलाल हे दोघेही त्याचे सभासद होते. अधिवेशनानें त्या कमिशनवर बहिष्कार पुकारला. जोडीला साम्राज्यविरोधी संघाशीं व पॅसिफिक देशांच्या कामगार-चिटणीसमंडळाशीं संलग्न होण्याचे प्रश्न होते. यांपैकीं एकही ठराव मजुरी, कामाचे तास वा भाडें यांविषयीं नव्हता. सर्व वाद कामगारांच्या वतीनें कोठें व कोणासमोर बोलावें याचा होता. ‘पक्षानें बळकाविली’ या वाक्याचें काय करावें? मीरतच्या खटल्यासाठीं डांगे, मिरजकर, जोगळेकर, घाटे, निंबकर हे २० मार्च १९२९ रोजींच पकडले गेले होते. नागपूरच्या मंडपांत ते नव्हते. बहिष्काराच्या बाजूचें बहुमत एकट्या साम्यवाद्यांचें नव्हे. त्यांत राष्ट्रीय सभेंतील तरुण डावी मंडळीही होती, आणि अवघ्या महिन्याभरांत लाहोरास पूर्ण स्वातंत्र्याचा ठराव व्हावयाचा होता. तेव्हां एका पक्षानें संस्था घेतली हें म्हणणें जितकें चूक, तितकेंच कमिशनच्या खुर्चीसाठीं जोशी फुटले हें म्हणणें क्षुद्र आहे. जोशी यांची दहा वर्षांची सर्व खटपट सरकारपुढें कामगाराची बाजू मांडण्याच्या मार्गानें चालली होती. तो मार्गच निषिद्ध ठरल्यावर ते त्या मंडपांत बसून काय करणार?

१९३१ च्या कलकत्त्याच्या फुटीबद्दल मात्र आमचा असा आग्रह नाहीं. सुभाषचंद्र बोस अध्यक्ष असतां साम्यवादी गट बाहेर पडला व त्यानें ‘रेड ट्रेड युनियन काँग्रेस’ स्थापन केली. येथें पक्षाज्ञा स्पष्ट दिसते. १९२८ च्या मॉस्कोंतील सहाव्या जागतिक अधिवेशनानें घालून दिलेलें धोरण तिच्या पाठीशीं होतें, आणि धोरण पालटतांच १९३५ सालीं हीच मंडळी मूळ संस्थेंत परत आली. सेन यांच्या शाखेंतील लेखक या स्थळीं संक्षेप करतात, हें समजण्यासारखें आहे. बखरकार पानिपतावर विस्तार करतो, पण आपल्या धन्यानें केलेल्या चुकीवर चार ओळी लिहून पुढें सरकतो.

तसाच संक्षेप दुसऱ्या बाजूसही आहे. १९४१ च्या इंडियन फेडरेशन ऑफ लेबरला युद्धप्रयत्नांच्या प्रचारासाठीं सरकारकडून दरमहा १३,००० रुपये मिळत. जमनादास मेहता अध्यक्ष, कर्णिक चिटणीस. फॅसिझमविरुद्ध लढणें हेंच त्या घडीचें कर्तव्य, असा त्यांचा प्रामाणिक विश्वास होता याविषयीं आम्हांस शंका नाहीं. रॉय यांची भूमिका युद्धारंभापासून तीच होती. तथापि महासंघ पक्षांपासून स्वतंत्र असावे असा ज्यांच्या विवेचनाचा कल आहे, त्या लेखकाचा ग्रंथ हातीं धरतांना हा आंकडा वाचकानें पहिल्या पानावर पेन्सिलीनें लिहून ठेवावा.

या सगळ्या धुमाळींत एक कागद असा आहे कीं, त्याचें महत्त्व कोणत्याच शाखेनें नीट ओळखलें नाहीं. १९३३ सालीं फेडरेशनवाले ‘नॅशनल ट्रेड्स युनियन फेडरेशन’ या नव्या नांवानें एकत्र झाले होते. गिरी यांच्या मध्यस्थीनें १९३८ सालीं नागपूरास ते मूळ संस्थेशीं जोडले गेले व १९४० सालीं मुंबईस पूर्णपणें विलीन झाले. जोशी पुन्हां चिटणीस झाले. या एकीची अट अशी होती कीं, राजकीय स्वरूपाचे ठराव, संपाचा निर्णय व परदेशी संस्थेशीं संलग्नता हे प्रश्न तीन-चतुर्थांश मतांवांचून ठरूं नयेत. आमच्या मतें विसाव्या शतकांतील आपल्या कामगार-चळवळीचा हा सर्वांत प्रामाणिक लेख होय. त्यांत कोणीही आपण निःपक्ष असल्याचा आव आणला नाहीं. आपण सारे पक्षांचे आहोंत हें कबूल करून मध्यें एक कुंपण तेवढें घातलें. कुंपण टिकलें, याचें प्रमाण युद्धकाळांतच मिळालें. युद्धास पाठिंबा देण्याच्या प्रश्नावर तीन-चतुर्थांश मतें मिळूं न शकल्यानें संस्था तटस्थ राहिली. या तटस्थतेची थट्टा दोन्हीकडून झाली आहे. वस्तुतः याच तटस्थतेमुळें एकाच छपराखालीं परस्परविरुद्ध पक्षांचे लोक सात वर्षें नांदले, आणि तितका काळ त्यानंतर ते कधींच नांदले नाहींत.

हें छप्पर १९४७ च्या मे महिन्यांत मोडलें. राष्ट्रीय सभेच्या मंडळींनीं दिल्लीस ‘इंडियन नॅशनल ट्रेड युनियन काँग्रेस’ म्हणजे इंटक स्थापन केली. खंडुभाई देसाई चिटणीस, सुरेशचंद्र बॅनर्जी अध्यक्ष, आणि पाया अहमदाबादच्या मजूर महाजनाचा. याची कारणमीमांसा करतांना एक शाखा ट्रेड युनियन काँग्रेसवरील साम्यवादी वर्चस्व पुढें करते, दुसरी नव्या सरकारची वर्गदृष्टि. ऑगस्ट १९४२ पासून राष्ट्रीय सभेचे पुढारी तुरुंगांत असतां साम्यवाद्यांचें बळ वाढलें, हें खरें; नव्या सरकारला शांत कारखाने हवे होते, हेंही खरें. पण मुंबईचा कागद कोणी उघडीत नाहीं. मुंबई प्रांताचे कामगारमंत्री गुलझारीलाल नंदा हे त्यापूर्वीं कित्येक वर्षें मजूर महाजनाचे चिटणीस होते. त्यांनीं आणलेला १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा १९४७ सालीं अंमलांत आला. एका ठिकाणच्या एका धंद्यांत एकच संघ ‘प्रातिनिधिक’ म्हणून नोंदविला जावा, आणि तो तंट्यांत उभा राहिला असतां दुसऱ्या कोणासही उभें राहतां येऊं नये, अशी त्याची योजना. मुंबईच्या कापड-गिरण्यांत हें स्थान राष्ट्रीय मिल मजदूर संघास मिळालें. हा संघ १९४५ चा, म्हणजे इंटकहूनही जुना. क्रम नीट पाहावा : आधीं संघ, मग कायदा, मग महासंघ. अहमदाबादेंत एकाच संस्थेचें वर्चस्व वर्षानुवर्षांच्या कामानें निर्माण झालें होतें. मुंबईंत तें नोंदणी-पुस्तकानें निर्माण करण्यांत आलें. आमच्या मतें पक्ष व संघ यांची खरी गांठ कोणत्याही ठरावानें वा घोषणेनें नव्हे, तर या कायद्यानें मारली.

ती गांठ किती घट्ट होती याची कसोटी १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत लागली. सुमारें अडीच लक्ष गिरणी-कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्यामागें बाहेर पडले. सामंत पूर्वीं राष्ट्रीय सभेच्या तिकिटावर विधानसभेंत निवडून आलेले, इंटकमध्यें वावरलेले. पण या वेळीं कोणताही मोठा महासंघ त्यांचा धनी नव्हता. पगाराच्या मागणीबरोबर तो कायदा रद्द करावा ही मागणीही होती. सरकार बोलावयाचें तर प्रातिनिधिक संघाशींच बोलणार, आणि कामगार तर त्या संघास मानीत नव्हते. संप कधीं रीतसर मागें घेतला गेलाच नाहीं. ह्यूब व्हॅन वेर्श यांचा १९९२ सालचा ग्रंथ या संपाविषयीं सर्वांत सविस्तर आहे, व तो कोणत्याही घराण्याचा नाहीं हा त्याचा मोठा गुण.

इतर महासंघांचा परामर्श थोडक्यांत घेऊं. १९४८ च्या अखेरीस समाजवाद्यांची हिंद मजदूर पंचायत व रॉयवाद्यांचें फेडरेशन मिळून हिंद मजदूर सभा झाली. अध्यक्ष नागपूरचे रा. स. रुईकर, चिटणीस अशोक मेहता. २३ जुलै १९५५ रोजीं, टिळकांच्या जन्मतिथीस, भोपाळ येथें दत्तोपंत ठेंगडी यांनीं भारतीय मजदूर संघ स्थापिला. वऱ्हाडाच्या सीमेवरील आर्वीचा हा गृहस्थ हातांत एकही संघ नसतां महासंघ काढून बसला व पुढें तो वाढविला. पण आमच्या प्रतिपादनास सर्वांत उपयोगी पुरावा सिटूचा आहे. साम्यवादी पक्ष १९६४ सालीं फुटला. ट्रेड युनियन काँग्रेस फुटून सिटू निघाली ती १९७० सालीं. महासंघ हा पक्षाची केवळ छाया असता, तर देह दुभंगल्यावर छाया सहा वर्षें अखंड कशी राहिली? या सहा वर्षांत दोन पक्षांचे लोक एकाच कार्यकारिणींत बसत होते. सेन हे सिटूचे पुढारी. या सहा वर्षांचा खुलासा त्यांच्याइतका अधिकारानें दुसरा कोणी करूं शकला नसता.

आतां सर्व शाखांतील समान लोप. जवळजवळ प्रत्येक ग्रंथाचा आरंभ नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापासून होतो, आणि त्यांच्या मुंबई गिरणी कामगार संघास सभासदांची यादी नव्हती, निधि नव्हता व नियम नव्हते, असा शेरा मारून तो संपतो. हा शेरा मूळचा १८९२ च्या एका सरकारी अहवालांतील आहे. एका अधिकाऱ्याचें वाक्य पिढ्यान्पिढ्या नकललें गेलें; हीच ती सदोष मूळ प्रत. ज्या माणसानें १८८४ सालीं साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला, ‘दीनबंधु’ पत्र चालविलें आणि १८९० सालीं गिरण्यांत रविवारची सुटी पदरांत पाडून घेतली, त्याचा संबंध पक्षाशीं नव्हता, सत्यशोधक समाजाशीं होता. तेव्हां पक्षांच्या इतिहासांत त्यास प्रस्तावनेपलीकडे जागा उरत नाहीं. यादी व निधि हीच कसोटी असेल, तर ती १९५५ च्या भोपाळासही लावावी लागेल.

दुसरा समान लोप जातीचा. १९२८ च्या सार्वत्रिक संपांत विणकामाच्या खात्यांत अस्पृश्य कामगारांस घेत नसत. तुटलेला धागा तोंडानें ओढावा लागतो, मग विटाळ होतो, अशी सबब सांगितली जाई. डॉ. आंबेडकरांनीं हा प्रश्न संप-समितीपुढें मांडला. त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष १९३६ सालीं निघाला, आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजीं औद्योगिक तंट्यांच्या विलाविरुद्ध झालेल्या एक दिवसाच्या संपांत तो साम्यवाद्यांच्या खांद्यास खांदा लावून उभा होता. हा पक्ष कोणत्याच महासंघाचा धनी नव्हता, म्हणून महासंघांच्या इतिहासांत त्यास घर नाहीं. तिसरा लोप जॉबरचा. कामगारास काम देणारा, कर्ज देणारा, गांवाहून आणणारा जॉबर. त्याच्याशीं कोणत्या युनियनचें जुळलें व कोणाचें बिनसलें यावर चाळीचाळींतलें सभासदत्व ठरे. राजनारायण चंदावरकर यांनीं १९९४ च्या आपल्या ग्रंथांत गिरणगांवच्या या अंतरंगावर प्रथम भरपूर प्रकाश पाडला. त्यांचें लिखाण दुर्बोध आहे, आणि मुंबईबाहेर महासंघांच्या पातळीवर तें जात नाहीं. पण घराण्याची बखर तें नव्हे.

आकड्यांनाही पोथीचाच न्याय लावावा. सरकारी पडताळणीप्रमाणें १९८९ अखेर भारतीय मजदूर संघाचे सभासद ३१ लाखांवर, व २००२ सालच्या पडताळणींत ६२ लाखांवर. मूळ ट्रेड युनियन काँग्रेसचे याच अवधींत सुमारें ९ लाखांवरून ३४ लाखांवर गेले. तेरा वर्षांत कारखाने तिपटी-चौपटीनें वाढल्याचें कोणी पाहिलें नाहीं. कोणास मोजावें याची व्याख्या बदलली कीं मोजणारा बदलला, हें पाहिल्यावांचून हे आकडे पक्षाच्या बळाचें माप म्हणून छापणें म्हणजे शकाचा व संवताचा भेद न करतां काल-निर्णय करणें होय.

शेवटीं संग्राहकांसाठीं. ट्रेड युनियन काँग्रेसचे व जोशी यांचे कागद दिल्लीस तीन मूर्ति भवनांतील संग्रहालयांत आहेत. मुंबई सरकारच्या कामगार-कचेरीचें ‘लेबर गॅझेट’ १९२१ पासूनचें. मीरतच्या खटल्यांतील कागदपत्रांत गिरणगांवांतील सभांतलीं मराठी भाषणें पोलिसी लघुलेखकांच्या कृपेनें उतरलीं आहेत, आणि आरोपींचीं निवेदनेंही. त्यांत अर्जुन आत्माराम आळवे या खऱ्याखुऱ्या गिरणी-कामगाराचें आहे. जो पक्ष चिरडावयाचा होता त्याचें दफ्तर सरकारनेंच सांभाळून ठेवलें, हा योग पेशवे दफ्तराच्या अभ्यासकांस नवा वाटूं नये. मात्र हस्तपत्रकें, वर्गणीच्या पावत्या, संप-समितीचीं धान्यवांटपाचीं कार्डें हीं अजून लालबाग-परळच्या खोल्यांतून व कोंकणांतील माळ्यांवरून रद्दींत जात आहेत. गिरण्या गेल्या, चाळी पडत आहेत. पुढील दहा-पंधरा वर्षांत जें हातीं लागेल तेवढेंच.

हस्तपत्रकांवर तिथि क्वचितच असते. काल ठरविण्यास संस्थेचें नांव पुरतें. ‘गिरणी कामगार महामंडळ’ असेल तर १९२३ नंतरचें. ‘गिरणी कामगार युनियन’ असेल तर मे १९२८ च्या अलीकडचें. ‘इंडियन ट्रेड्स युनियन फेडरेशन’ हें नांव १९२९ ते १९३३ याच अवधींत संभवतें, ‘रेड ट्रेड युनियन काँग्रेस’ १९३१ ते १९३५, ‘नॅशनल ट्रेड्स युनियन फेडरेशन’ १९३३ ते १९४०. नांवाखालचा मजकूर नंतर वाचावा. आधीं पत्रकाच्या तळाची ओळ पाहावी. १८६७ च्या छापखान्यांच्या कायद्याप्रमाणें मुद्रकाचें नांव व ठिकाण छापणें भाग असे, आणि कोणत्या संघाचीं पत्रकें कोणत्या पक्षाच्या साप्ताहिकाच्या छापखान्यांत निघत, केव्हांपासून निघूं लागलीं व केव्हां थांबलीं, याची तारीखवार जंत्री अद्याप कोणीं केलेली आमच्या पाहण्यांत नाहीं. ज्यांच्यापाशीं अशीं पत्रकें असतील त्यांनीं वरचा मथळा व खालची ही ओळ, दोन्ही उतरून मंडळाकडे पाठवावीं.